तारली मासा आणि हवामान बदल

तारली (शास्त्रीय नाव: सार्डिनेला लाँजिसेप्स) हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत मोठ्या थव्यांनी राहणारा, व्यापारी दृष्ट्या महत्त्वाचा सागरी मासा आहे. त्याचे उत्पादन वर्षागणिक फार कमीजास्त होते. अरबी समुद्राची तापमानवाढ, मोसमी वाऱ्यांच्या वर्तनातील बदल आणि अतिमासेमारी यांच्या एकत्रित परिणामामुळे एकविसाव्या शतकात हे चढउतार अधिक तीव्र झाले आहेत. केरळमधील तारलीचे उत्पादन २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन होते. २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. हवामान बदलामुळे सागरी मासळीवर येणारे संकट समजून घेण्यासाठी तारलीचे उदाहरण उपयुक्त ठरते.

ओळख आणि महत्त्व

तारली हेरिंग माशांच्या कुळात मोडते. पूर्ण वाढलेला मासा साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या शरीरात तेलाचे प्रमाण पुष्कळ असते. केरळमध्ये त्याला मत्ती किंवा चाळा, तर गोव्यात तारलो म्हणतात. स्वस्त आणि पौष्टिक असल्याने किनारी भागातील सामान्य कुटुंबांच्या आहारात तारलीला मोठे स्थान आहे. तिचे तेल पूर्वी लाकडी होड्यांना लावत असत आणि उरलेली मासळी माडांना खत म्हणून घालत असत. आजही मत्स्यतेल आणि मत्स्यचूर्ण यांच्या उद्योगात तारली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. कोकणात आणि गोव्यात ती रापणीच्या जाळ्यात तसेच यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यात सापडते. केरळात मुख्यतः रिंग सीन जाळ्यांनी पकडली जाते.

जीवनचक्र आणि मोसमी पाऊस

तारलीचे जीवनचक्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांशी बांधलेले आहे. हे वारे वाहू लागले की केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतचे पृष्ठभागाचे पाणी खोल समुद्राकडे ढकलले जाते. त्याची जागा घेण्यासाठी तळाकडील थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषक द्रव्ये भरपूर असतात. सूर्यप्रकाश मिळताच त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची झपाट्याने वाढ होते. डायाटम ही एकपेशीय शैवले या प्लवकांत प्रमुख असून तेच तारलीचे मुख्य खाद्य होय.

तारली प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांना अशा रीतीने ऐन भुकेच्या वेळी अन्न मिळते. पावसाळा संपता संपता पिल्लांचे थवे किनाऱ्याजवळ दिसू लागतात. तारलीचे आयुष्य साधारण अडीच वर्षांचे असते आणि पहिल्या वर्षाच्या सुमारास ती प्रजननक्षम होते. त्यामुळे एखाद्या पावसाळ्यात पिल्ले जगली नाहीत, तर त्याचा परिणाम लगेच पुढच्या हंगामात जाणवतो. दीर्घायुषी माशांच्या बाबतीत एका वाईट वर्षाची तूट आधीच्या पिढ्या काही अंशी भरून काढतात. तारलीच्या बाबतीत ही सोय फारशी नाही. याच कारणाने चांगला पावसाळा मिळाल्यास तिची संख्या लवकर सावरतेही.

समुद्रातील बदल आणि त्यांचे परिणाम

तापमानवाढ: हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर शोषून घेतात. पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले.

अन्नाची घट: गरम पाणी हलके असते. पृष्ठभागावर त्याचा जाड थर साचला की खालचे थंड, पोषक पाणी वर येण्यास अडथळा होतो. कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे दिसून आले. म्हणजेच तापमानवाढ माशाला थेट मारते असे नाही. ती त्याच्या अन्नाचे प्रमाण आणि ते मिळण्याची वेळ बदलते. अंडी घालण्याचा काळ आणि प्लवकांच्या बहराचा काळ यांची चुकामूक झाली, तर पिल्ले उपाशी मरतात.

प्राणवायूची कमतरता: पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगत अत्यल्प प्राणवायू असलेले पाणी वर येते. ही घटना नैसर्गिक असली, तरी पाणी तापल्याने त्यात विरघळणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण घटते. अशा वेळी मासे प्राणवायूयुक्त अशा अरुंद पट्ट्यात दाटी करतात आणि जाळ्यात सहज सापडतात. त्यामुळे मासळी मुबलक असल्याचा आभास निर्माण होऊ शकतो.

प्रदेशातील बदल: १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तारली मुख्यतः केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यापुरती मर्यादित होती. त्यानंतर ती उत्तरेकडे महाराष्ट्र व गुजरातच्या, तसेच पूर्वेकडे तमिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. पाण्याच्या वाढत्या तापमानाशी या प्रसाराचा संबंध जोडला जातो. एका किनाऱ्याचा तोटा दुसऱ्याचा लाभ ठरला, तरी ज्या गावांच्या होड्या, जाळी आणि बाजार एकाच मासळीवर उभे असतात, त्यांना माशामागे स्थलांतर करता येत नाही.

उत्पादनातील चढउतार

तारलीचे प्रमाण अचानक घटणे ही नवी गोष्ट नाही. १९४०च्या दशकातही मलबार किनाऱ्यावर तिची मासेमारी जवळजवळ कोसळली होती. म्हणून प्रत्येक घसरणीचे खापर हवामान बदलावर फोडणे योग्य ठरत नाही. मात्र अलीकडच्या घसरणीत अनेक कारणे एकत्र आली. २०१२ मध्ये देशातील तारलीचे उत्पादन ७ लाख टनांहून अधिक होते. त्या सुमारास झालेल्या प्रचंड मासेमारीत प्रजननक्षम मासे आणि पिल्ले दोन्ही मोठ्या संख्येने पकडली गेली. अशा प्रकारे आधीच विरळ झालेल्या साठ्याला २०१५ च्या तीव्र एल निनोचा फटका बसला. २०१९ मध्ये केरळचे उत्पादन सुमारे ४४ हजार टनांवर आले आणि २०२१ मध्ये ते नीचांकी ठरले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा १ लाख टनांच्या आसपास पोहोचले. २०२४ मध्ये तारली विपुल मिळाली, परंतु मासे आकाराने लहान राहिल्याने भाव कोसळले. वजनाने जास्त मासळी मिळणे म्हणजे साठा निरोगी असणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

इतर समुद्रांतील उदाहरणे

पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा हा लहान मासाही खोलवरच्या थंड पाण्यावर अवलंबून असतो. १९७२-७३ च्या एल निनोच्या काळात अतिमासेमारीमुळे दुबळी झालेली ही जगातील सर्वांत मोठी मासेमारी कोसळली. उत्तर अटलांटिकमधील मॅकरेल मासा २००७ नंतर आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने येऊ लागला आणि त्याच्या वाटपावरून युरोपीय देशांमध्ये दीर्घकाळ वाद झाला. अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रात २०१८-१९ मधील उष्ण लाटेनंतर स्नो क्रॅब या खेकड्यांची संख्या इतकी घटली की २०२२ मध्ये तेथील हंगाम प्रथमच बंद ठेवावा लागला.

उपाययोजना

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. केरळमध्ये हा कालावधी काहीसा कमी आहे. पिल्लांना संरक्षण मिळावे म्हणून केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या (स्थापना १९४७, मुख्यालय कोची) शिफारशींनुसार केरळने माशांचा किमान आकार ठरवला असून तारलीसाठी तो १० सेंटिमीटर आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार निश्चित केले. मात्र तारली साधारण १५ सेंटिमीटर लांबीची झाल्यावर प्रजननक्षम होते. म्हणजे १० सेंटिमीटरची मर्यादा पाळूनही एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला जाऊ शकतो.

बंदीच्या तारखा ठरलेल्या असतात, पण मोसमी पाऊस आणि त्यासोबत येणारा प्रजननकाळ मागेपुढे होऊ शकतो. त्यामुळे पाण्याचे तापमान व प्लवकांचे प्रमाण यांच्या उपग्रहाधारित नोंदी पाहून दरवर्षीच्या मासेमारीचे प्रमाण ठरवणे हा उपाय सुचवला जातो. समुद्राचे तापमान एकटा मच्छीमार किंवा एकटे राज्य कमी करू शकत नाही. परंतु प्रतिकूल वर्षात पुरेसे प्रजननक्षम मासे समुद्रात शिल्लक ठेवणे हे मासेमारीच्या नियमनाने साध्य होऊ शकते. अनुकूल पावसाळा आल्यावर तारलीचा साठा पुन्हा भरून येणे याच शिल्लक माशांवर अवलंबून असते.