वहीतला तारा, नानीची ओढणी

नानीच्या इंतकालनंतर तिच्या पेटीतून मलमलच्या दोन ओढण्या निघाल्या, एक हिरवी, एक पांढरी. भावजयीला दिवस गेले होते. अम्मी म्हणाली, "बाळाला यांची गोधडी शिव. तुझ्या वहीतली ती नक्षी घाल."

ती नक्षी मी विजापूरला गोलघुमट पाहिल्यावर काढली होती. १६५६ साली पूर्ण झालेल्या या इमारतीचा घुमट ४४ मीटर व्यासाचा. त्याला पेलणाऱ्या आठ कमानी आतून एकमेकींना छेदत जातात. मान वर करून पाहिलं की एका चौकोनावर दुसरा तिरपा ठेवल्यासारखा आठ टोकांचा तारा दिसतो.

कंपासने काढलेला तो तारा सुरेख होता, पण त्याच्या रेघा चौकटींच्या वहीतल्या रेघांवर बसेनात. म्हणून थोडा बदलला. चार बाय चार अशी सोळा घरं घेतली. मधली चार मिळून एक हिरवा चौकोन, कोपऱ्यातली चार पांढरी. उरलेल्या आठ घरांत एकेक तिरपी रेघ: आतली बाजू हिरवी, बाहेरची पांढरी. प्रत्येक बाजूच्या दोन रेघा मधल्या चौकोनाच्या कडेवर, बरोबर मध्यावर मिळतात. आठ टोकं तयार!

एक घर तीन इंचाचं धरलं आणि तेवढंच कापलं. इथेच फसले. नानी ठिगळावर ठिगळ ठेवून धावदोरा घालायची, तिला हिशोब लागत नसे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बाया कवंदी शिवतात, त्याही कडेपासून आत ठिगळं लावत जातात, कागदावर काही काढत नाहीत. पण इथे तुकडा तुकड्याला कडेने जोडायचा, म्हणजे प्रत्येक शिलाई कापड खाते. माझा मधला चौकोन साडेपाच इंच उरला आणि त्याच्या डोक्यावरची त्रिकोणांची जोडी सव्वाचार! टोकं कुठली जुळणार? नानीची ओढणी मात्र कापली गेली होती. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा भगिनींनो, वहीतलं माप हे शिवून झाल्यावरचं माप समजा. चारी बाजूंना पाव इंच, म्हणजे दोन सूत, वाढवा. तीन इंचाच्या घराला साडेतीन, मधल्या सहा इंचाला साडेसहा. तिरपी घरं यापेक्षा जास्त मागतात, कारण तिरकी शिलाई जास्त कापड खाते. त्यासाठी ३ इंच ७ सूत मापाचे चार हिरवे आणि चार पांढरे चौकोन कापा. एक हिरवा, एक पांढरा सुलट बाजू आत घेऊन ठेवा, वरच्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीची रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घाला आणि रेघेवर कापा. एका जोडीतून दोन घरं मिळतात, चार जोड्यांतून आठ. पूर्ण तारा बारा इंचाचा होतो. मलमल सरकते, कापण्याआधी तिला खळ देऊन इस्त्री करा. आणि पहिला तारा जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवून बघा. मी तो बघितला असता तर!

उरलेल्या कापडात चारच तारे निघाले. पाळण्यापुरती गोधडी झाली. बिघडलेला तारा मी टाकून देणार होते, अम्मीने हातातून घेतला आणि अस्तराच्या आत पसरून टाचला.