बळद, पेव आणि टाळेबंदी

२४ मार्च २०२०च्या रात्री कोरोनामुळं देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. शहरांतल्या बातम्यांत किराणा दुकानांपुढच्या रांगा दिसत होत्या. लातूरजवळच्या आमच्या रेणापूर आणि आसपासच्या खेड्यांतही लोक दुकानांपुढे उभे होते, पण ते तेल, साखर आणि चहापत्तीसाठी. ज्वारीसाठी कुणी धावत नव्हतं. याचं कारण आमच्या शेतीच्या वेळापत्रकात आहे. तूर जानेवारीत निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चात, आणि रब्बी ज्वारीची रास शिमग्याच्या आगेमागे घरात येते. म्हणजे पाडव्याला आमच्याकडचं घर वर्षातलं सगळ्यात भरलेलं असतं. हाच बंद आषाढात आला असता, तर हा लेख वेगळा झाला असता.

त्या दिवसांत सगळीकडं युद्धाची भाषा होती. कोरोना योद्धे, आघाडीवरचे डॉक्टर, महाभारताचे अठरा दिवस आणि आपले एकवीस. मला मात्र युद्धातलं स्वयंपाकघर आठवत होतं. इंग्लंडमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झालेलं रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी संपलं, म्हणजे लढाई संपल्यावरही नऊ वर्षं चाललं. लोकांनी बागा खणून बटाटे लावले, जुने कपडे उसवून नवे शिवले. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. १९६५च्या लढाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि अनेक घरांनी ते मनापासून पाळलं. हे सगळं माहीत असावं. पण आमच्या भागाला काटकसर शिकायला इतकं दूर जावं लागत नाही.

आम्ही निजामाच्या राज्यातले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि बाजारात निजामाचा हाली शिक्का चालायचा. दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारनं शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसवली. त्या लेव्हीचं नाव काढलं की माझ्या लहानपणी म्हातारी माणसं आवाज खाली आणायची, इतका तिचा धाक मागं उरला होता. पुढं १९४७-४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच सुरू झाला आणि भारताच्या हद्दीतून संस्थानात येणारा माल आटला. मीठ, रॉकेल, औषधं मिळेनात. कित्येक कुटुंबं हद्दीपलीकडं बार्शी-सोलापूरकडं निघून गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामानं शरणागती पत्करली. तोवरच्या वर्षभरात मागं राहिलेल्या घरांनी कसं भागवलं, हा माझा अनेक वर्षांचा आवडीचा विषय आहे. तो मला घेऊन गेला तो थेट बळदापाशी आणि पेवापाशी.

बळद आता फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, वाड्यात दोन भिंतींच्या मध्ये एक अरुंद पोकळी ठेवलेली असते. तिला दार नसतं. वर माळवदाला किंवा माडीच्या जमिनीला एक भोक असतं, त्यातून धान्याची पोती रिती करायची. खाली भिंतीत वीतभर मोखा असतो, तो बोळ्यानं नाहीतर लाकडी खुंटीनं बंद केलेला. लागेल तेव्हा खुंटी काढायची, सूप धरायचं, आणि पुरेसं धान्य आलं की पुन्हा ठोकून बसवायची. भरायचं वरून आणि काढायचं खालून, त्यामुळं जुनं धान्य आपोआप आधी संपतं. आजचे मोठे गोदामवाले हाच नियम नोकरांना तक्ते लावून शिकवतात. आमच्याकडं तो भिंतीतच बांधलेला होता. शिवाय घरात कोण किती काढतंय हे लपून राहत नाही, कारण धान्य सुपात पडतानाचा आवाज ओसरीपर्यंत जातो. रझाकारांच्या काळात याच बळदांत दागिने आणि तरण्या पोरी लपवल्याच्या आठवणी मी एकाहून अधिक घरांत ऐकल्या आहेत. मी कुणाच्याही जुन्या वाड्यात गेलो की चहा यायच्या आधी माडीची जमीन पाहतो. घरच्या लोकांना आता ते सवयीचं झालं आहे.

पेव याहूनही विलक्षण. गावठाणातली उंच, पाणी न साचणारी जागा निवडायची. पांढरीच्या मातीत किंवा मुरमात माणूस उतरेल एवढं तोंड खणायचं आणि आत जाऊन ते घागरीसारखं फुगवायचं. आत जाळ करून भिंती कोरड्या करायच्या. तळाला आणि कडेला कडबा, भुसा यांचा जाड थर द्यायचा. मग ज्वारी ओतायची, वर पुन्हा भुसा, फरशी आणि माती. आत कोंडलेला प्राणवायू धान्य आणि त्यातले किडे मिळून वापरून टाकतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. हल्ली धान्यासाठी हवाबंद पिशव्या विकतात, त्यांचं शास्त्र नेमकं हेच. पेवातली ज्वारी काही वर्षं टिकायची. कडेची थोडी काळी पडायची, ती गुरांना जायची. बाकीच्या ज्वारीला एक आंबूस वास यायचा. तो वास आवडणारी माणसं मी पाहिली आहेत. पेवाच्या ज्वारीची भाकरी वेगळी लागते, असं ती अगदी खात्रीनं सांगायची.

पेव उघडण्याचं काम जोखमीचं. फरशी काढली की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे. एवढी साधी परीक्षा चुकवल्यामुळं पेवात माणसं गेल्याच्या घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना खुली केली, ही कथा आपण भक्तीच्या अंगानं ऐकतो. मला मात्र त्यात नेहमी कोठाराचंच कुतूहल वाटतं. दुष्काळाच्या ऐन भरात इतकं चांगलं धान्य शिल्लक होतं, म्हणजे कुणीतरी ते वर्षानुवर्षं टिकवून ठेवलं होतं. त्या अनाम राखणदारांवर कुणी अभंग रचला नाही.

लेव्हीच्या दिवसांत पेवाचा दुसरा उपयोग झाला. वर जनावरं बांधली की खाली काय आहे हे सरकारी माणसाला कळत नसे. हा गुन्हा होता की नाही, याची चर्चा मला निरर्थक वाटते. लेकरांच्या तोंडचं धान्य लपवणारा बाप माझ्या लेखी गुन्हेगार नाही.

बळद-पेव हा झाला वाडेवाल्यांचा आणि मोठ्या शेतकऱ्यांचा थाट. साध्या घरात कणगी असायची. आमचा भाग तुरीचा, म्हणून कणगी तुराट्यांची. ओल्या असतानाच त्या विणायच्या, कणगी आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपायची, तळाला राख आणि कडुनिंबाचा पाला घालायचा. मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरली तर वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या थोडी वर लागते. सहा माणसांच्या घराला सालभर अकरा क्विंटल. हा हिशेब आमच्या आज्यांना कागद-पेन्सिलीशिवाय यायचा, आणि त्यात पाव्हण्यारावळ्यांचा आणि सुगीच्या मजुरांचा वाटाही धरलेला असायचा.

टाळेबंदीत हाच हिशेब पुन्हा मांडावा लागला, कारण घरातली माणसं एकाएकी वाढली. पुण्याच्या कंपन्यांत, मुंबईच्या दुकानांत असलेली पोरं बायका-लेकरांसह परतली. गावकऱ्यांनी त्यांना आधी शाळेत किंवा आखाड्यावर चौदा दिवस ठेवलं. आखाडा म्हणजे शेतातलं घर: गोठा, एखादी पत्र्याची खोली, विहीर आणि सावलीला लिंब. रोगाच्या काळात दूर राहायला याहून चांगली जागा डॉक्टरांनाही सुचली नसती. चार माणसांच्या घरात दहा जेवू लागली, आणि पहिल्याच आठवड्यात सासूच्या हाती कारभार परत गेला.

मी त्या उन्हाळ्यात ओळखीच्या घरी, अंगणातच अंतर ठेवून बसून, हा बदल पाहिला. सत्तरीतल्या एका काकूंनी सुनेला सांगितलं, ‘गोडतेल आता पळीनं न्हाई, चमच्यानं. आन् डाळ निवडताना कळणा टाकू नगंस, त्याची भाकर व्हतीया.’ कळणा म्हणजे डाळ करताना उरणारा बारीक चुरा आणि फोलपट. डाळमिलांच्या लातुरात तो एरवी गुरांच्या पुढं जातो. काकूंनी तो ज्वारीच्या पिठात मिसळला, वर लसूण-मिरचीचा ठेचा दिला, आणि पुण्याच्या नातवंडांनी त्या भाकऱ्या मागून खाल्ल्या.

भाजीबाजार बंद होता तेव्हा वाळवलेल्या भाज्या बाहेर आल्या. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, सावलीत वाळवून, हातानं चुरून ठेवलेला असतो. मूठभर चुरा, थोडं ज्वारीचं पीठ, लसणाची फोडणी, आणि पाच माणसांचं कालवण होतं. वाळवलेली गवार, अंबाडी, वांग्याच्या फोडी. हुलग्याचं माडगं. ज्वारीच्या कण्या ताकात. आणि सगळ्यांत गुणाचं म्हणजे येसर. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ डब्यात असलं की पाण्यात कालवून उकळलं तरी आमटी तयार. मराठवाड्याबाहेर येसर फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. सैन्याला शिधा म्हणून द्यावी इतकी ती टिकाऊ, हलकी आणि पोटभर वस्तू आहे.

एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचेही दिवस. एरवी कुरडया-पापडाला गल्लीतल्या बायका जमतात; त्या वर्षी प्रत्येक घरानं आपलं आपण केलं, आणि रिकाम्या बसलेल्या पुरुषांनी सोऱ्या फिरवला. विकले न गेलेले टोमॅटो आणि मिरच्या माळवदावर सुकत पडल्या. जुन्या सुती लुगड्यांचे मास्क झाले, उरलेल्या चिंध्या वाकळेत गेल्या. बचत गटांच्या बायकांनी हेच शिवणकाम मोठ्या प्रमाणावर केलं आणि त्या पैशावर कित्येक घरांचा बंदीतला किराणा चालला.

पाण्याची काटकसर आम्हाला वेगळी शिकावी लागली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आधी दहा वाघिणींची गाडी, नंतर पन्नास वाघिणींची, फेरीला सुमारे पंचवीस लाख लिटर. त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. तो उन्हाळा काढलेल्या बाईला हात धुताना तोटी सोडून ठेवणं जमतच नाही. ती तांब्यानं पाणी घालते, खाली बादली ठेवते, आणि बादलीतलं पाणी संडासात किंवा झाडाला जातं. वीस सेकंद साबण चोळायचा आणि पाणी मात्र अर्धा तांब्या, ही रीत लातूरकरांनी सहज बसवली.

१९७२चा दुष्काळ आठवणारे लोक टाळेबंदीत सगळ्यात शांत होते, असं माझं निरीक्षण आहे. त्या वेळी दुष्काळी कामांवर राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं एकाच वेळी राबत होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची, म्हणून बायका उकळतं पाणी घालून पीठ मळायच्या. तेव्हा विहिरींच्या तळाला थोडं पाणी होतं पण घरात दाणा नव्हता. २०१६ मध्ये दाणा होता, पाणी नव्हतं. २०२० मध्ये दोन्ही होतं आणि बाजार बंद होता. ‘ह्यो तर बरा दुष्काळ,’ असं मला एका आजोबांनी सांगितलं, आणि ते अगदी मनापासून बोलत होते.

पण हे ज्यांच्याकडं शेत आणि छप्पर आहे त्यांच्याबद्दल झालं. साठवणुकीची विद्या साठवायला काही असेल तरच कामाची. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं त्या मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांच्या आवारात कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतच, अडकली; त्यांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. त्यांची कणगी कुठं असणार? सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि मजुरीत धान्याचा वाटा असतो, त्यामुळं तो तरला. रोजंदारीवाल्याला आधार होता तो रेशनचा: नेहमीच्या धान्याशिवाय माणशी महिना पाच किलो मोफत, आणि घराला एक किलो डाळ. पाच रुपयांची शिवभोजन थाळीही अनेकांना उपयोगी पडली. रेशनच्या त्या धान्याला नाकं मुरडणारे मी पाहिले आणि मला त्यांचा राग आला. दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, भरल्या घरांनाही कणगीचा उपयोग झाला नाही. सगळं घर अंथरुणाला खिळल्यावर दळण कोण आणणार? तेव्हा शेजाऱ्यांनी उंबऱ्यावर ठेवलेल्या भाकऱ्यांनी दिवस निघाले.

आता खरी काळजी वेगळी आहे. गेल्या तीस वर्षांत आमचं शिवार सोयाबीननं व्यापलं. पैसा देणारं पीक आहे, शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण सोयाबीन बळदात भरून वर्षभर खाता येत नाही. ते आडतीवर जातं आणि ज्वारी विकत येते. मालदांडी ज्वारीची काढणी करायला मजूर मिळत नाहीत, रानडुकरं कणसं ठेवत नाहीत, तुराट्या बांधावर पेटवल्या जातात, आणि कणगी विणणारे हात म्हातारे झाले. टाळेबंदीनंतर काही घरांनी सोयाबीनच्या रानात घरापुरती ज्वारी पुन्हा पेरायला घेतली. ज्यांनी पेरली त्यातल्या बहुतेकांना ती कडब्यासाठीही हवी होती. मला कारण काहीही चालेल.

रेणापूर, अंबाजोगाई, औसा, उदगीर या पट्ट्यात जुने वाडे भराभर उतरवले जात आहेत आणि पेवांच्या तोंडावर सिमेंटचे ठोकळे बसत आहेत. तुमच्या घरात, गोठ्यात किंवा गल्लीत पेव किंवा बळद असेल, तर ते बुजवण्याआधी तोंडाची रुंदी, आतली खोली, मातीचा प्रकार, भिंतीचा गिलावा आणि ते शेवटचं कोणत्या साली भरलं होतं, एवढं घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला विचारून लिहून ठेवा. पेवात मात्र स्वतः उतरू नका.