दूरस्थ भूमिकाखेळ आणि संवादसाधने

१९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सूत्रधार प्रसंग वर्णितो, खेळाडू पात्रांच्या मुखाने बोलतात व अनिश्चित कृतींचा निर्णय फासे देतात. फासा सर्वांसमक्ष पडतो, म्हणूनच तो मान्य होतो. खेळाडू दूरदूर असता ही समक्षता संगणकाने साधावी लागते. ‘डिस्कॉर्ड’वर प्रत्येकाने स्वतंत्र खाते उघडावे; सामायिक खात्यात बोल कोणाचा, हे कळत नाही. पात्रांचे संवाद व खेळाडूंची चर्चा निराळी ठेवावी. फासेही तेथेच, सर्वांना दिसतील असे टाकावेत. पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावी संपर्क क्षीण झाल्यास ध्वनी तुटतो. लिखित मजकूर मात्र अल्प संपर्कातही पोहोचतो व मागाहून वाचता येतो. मुंबईतील सोबत्यांनी केवळ ध्वनीवर भिस्त ठेवल्यास गावाकडील खेळाडूचे पात्र मुके होईल. साधन निवडताना आपण खेळात कोणास स्थान द्यावयाचे, हेही ठरवीत असतो.