बलुते, पोस्त आणि सेवाशुल्क

उपाहारगृहातील वाढप्याला किंवा केशकर्तनालयातील कारागिराला किती द्यावे, याचा शास्त्रार्थ कोठे लिहिलेला नाही. आपल्या गावगाड्यात नाभिकाला सुगीवर धान्याचे बलुते मिळे. ती बक्षिसी नव्हे, तो त्याचा हक्क होता. दिवाळीची पोस्त मात्र देणाऱ्याच्या खुशीची. हा भेद आजही उपयोगी पडतो. काही उपाहारगृहे बिलातच दहा टक्क्यांपर्यंत सेवाशुल्क जोडतात आणि आपण तो सरकारी कर समजून मुकाट्याने भरतो. श्रोतेहो, तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क परस्पर लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा ते वगळावयास सांगण्यात कद्रूपणा नाही. शिवाय मालकाच्या गल्ल्यात पडलेला तो पैसा वाढप्यापर्यंत पोहोचतोच, याची हमी कोण देणार? वाढप्यास बिलाच्या पाच-दहा टक्के, कारागिरास वीस-तीस रुपये सर्वसाधारणपणे शोभतात. पण ते त्याच्याच हाती, त्याच्याकडे पाहून द्यावेत. बडीशेपेच्या बशीत चिल्लर टाकून उठणे मला तरी असभ्य वाटते. दुकानाचा धनीच कात्री चालवीत असेल, तर रोजची बक्षिसी नको. दिवाळीची पोस्त पुरे.