तुळईला नमस्कार

बँकेच्या नोकरीत डोक्याला ताप असतो हे सर्वांना ठाऊक आहे. टेंगळांबद्दल कोणी बोलत नाही. १९९१ साली मी ज्या तालुक्याच्या गावी अधिकारी होतो, तिथली शाखा एका जुन्या वाड्यात होती. जुनी लेजरे आणि व्हाउचरांचे गठ्ठे पोटमाळ्यावर. लाकडी जिना, आणि शेवटच्या पायरीशी नेमकी कपाळाच्या उंचीवर सागवानी तुळई. कोणी आपटला की खालून आवाज यायचा, "झाला का नमस्कार?" सगळे हसायचे. मीही हसलो आहे.

दप्तरीमामांना ती तुळई पाठ होती. पण ऑडिटर आलेले, वीज गेलेली, काखेत दोन लेजरे. आपटले. रक्त नाही, जखम नाही. बाम चोळून मामा पुन्हा कामाला लागले. महिन्याभराने ते गठ्ठ्यांवर चुकीच्या तारखा घालू लागले, डोके दुखते म्हणू लागले, डावा पाय ओढू लागले. निवृत्तीला आलेला माणूस, थकला असेल, असे आम्हाला वाटले. एकाने तर दारूचा संशय घेतला! पुण्याला स्कॅन केले तेव्हा कवटीच्या आत रक्त साकळलेले दिसले. उतारवयात मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्यापासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या टोल्यानेही एखादी तुटते आणि रक्त हळूहळू झिरपत राहते. (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिकच.) कवटीला छिद्रे पाडून ते काढले. मामा वाचले.

मग वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा आली : अपघात कामावर झाल्याची नोंद कुठे आहे? नव्हती. बोट कापले असते तर लिहिले असते, टेंगूळ कोण लिहितो? मी साक्षीदार म्हणून निवेदन दिले. ते लिहिताना सहकाऱ्यांना विचारले, तर न आपटलेला एकही निघाला नाही. मी स्वतः तीनदा. तरीही तुळईबद्दल कोणी एक ओळ वर कळवली नव्हती. त्यात मीही आलो.

अशा जागांसाठी हलकी, टणक टोपी मिळते. ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी नव्हे, आपणच जाऊन आपटतो त्यासाठी. मला विचाराल तर दप्तर खाली आणणे अधिक शहाणपणाचे. आमच्याकडे तुळईला पोत्याची गादी बांधली, कडेला पिवळा रंग दिला. दप्तर खाली यायला आणखी दीड वर्ष गेले. तोवर वर मामाच चढत होते. कोणता गठ्ठा कुठे आहे, हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते.