बालकथेतील अलंकार

बालकथेतील अलंकार म्हणजे साधारणपणे तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या कथांत नाद, चित्र आणि अर्थ ठसविण्यासाठी योजलेली भाषिक साधने होत. पुनरावृत्ती, यमक, अनुकरणवाचक शब्द, चेतनगुणोक्ती, उपमा व अतिशयोक्ती ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. प्रौढ साहित्यात अलंकार बहुधा सौंदर्यासाठी येतो. बालकथेत तो कथा समजण्याचा व स्मरणात राहण्याचा आधार असतो. नांदेड आणि लातूर यांसारख्या बहुभाषिक सीमावर्ती जिल्ह्यांत त्याची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्र' या महानुभाव ग्रंथात कावळ्याच्या शेणाच्या आणि चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट आढळते. महानुभाव पंथाचे एक महत्त्वाचे तीर्थक्षेत्र माहूर हे नांदेड जिल्ह्यात आहे. 'शेण' आणि 'मेण' या शब्दांत केवळ एका ध्वनीचा फरक आहे. मात्र पाऊस येताच एक घर वाहून जाते व दुसरे टिकते. यमक आणि विरोध यांच्या एकत्र योजनेमुळे ही कथा शतकानुशतके मौखिक परंपरेत टिकून राहिली.

अलीकडच्या काळात या भागाचा बालसाहित्याशी असलेला संबंध ठळक झाला आहे. २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांना २०२४ मध्ये 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी हा पुरस्कार नांदेड येथील सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहास मिळाला.

प्रमुख साधने

पुनरावृत्ती: एकच प्रश्न किंवा वाक्य ठरावीक अंतराने पुन्हा येते. आई शोधणारे लालकंधारी वासरू वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्याला तोच प्रश्न विचारते, अशी कथा असल्यास तिसऱ्या भेटीपर्यंत मुले तो प्रश्न स्वतःच म्हणू लागतात. प्रत्येक वेळी एखादाच शब्द बदलल्यास नवा शब्द ओळखीच्या वाक्यातून शिकता येतो.

अनुकरणवाचक शब्द: 'खळखळ', 'टपटप', 'धो धो' हे शब्द ध्वनीवरूनच अर्थ सुचवितात. म्हातारी आणि भोपळ्याच्या लोककथेतील 'टुणूक' हा शब्द गती आणि गंमत दोन्ही दाखवितो.

चेतनगुणोक्ती: प्राणी वा निर्जीव वस्तू माणसाप्रमाणे वागतात. पात्राचा मूळ स्वभाव कायम राहिल्यास ही योजना अधिक परिणामकारक होते. देवणी बैल बोलू लागला, तरी त्याच्या बोलण्यात नांगर, चारा आणि पोळा यांचेच जग यावे लागते.

उपमा: ज्या वस्तूशी तुलना करावयाची, ती मुलाने पाहिलेली असावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणीटंचाई अनुभवलेल्या मुलाला हिमशिखराची उपमा परकी वाटू शकते; 'टँकर पोट भरलेल्या हत्तीसारखा डुलत आला' हे चित्र मात्र लगेच दिसते.

अतिशयोक्ती: मुलाला खरे-खोटे ताडता येईल इतकी ती ढळढळीत असते. घागरीत नदी मावली, हे अशक्य आहे हे कळल्यामुळेच मूल हसते.

बोली आणि प्रमाणभाषा

नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली व धर्माबाद भागांत तेलुगूचा, तर लातूर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व देवणी भागांत कन्नडचा शेजार आहे. बंजारा आणि दखनी उर्दू याही घराघरांत बोलल्या जातात. किनवट परिसरात गोंडी व कोलामी भाषकही आहेत. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही अनेक मुलांसाठी घराबाहेरची भाषा असते. कथेत 'लेकरू', 'माय' असे शब्द केवळ अडाणी किंवा विनोदी पात्रांच्या तोंडी घातल्यास घरची भाषा कमी दर्जाची आहे, असा संदेश मुलापर्यंत पोहोचतो. निवेदन सोप्या प्रमाणभाषेत व सर्वच पात्रांचे संवाद बोलीत ठेवणे, हा त्यावरील एक उपाय आहे. तालबद्ध पुनरावृत्ती आणि नादानुकारी शब्द यांमुळे भाषा पूर्ण अवगत नसलेले मूलही कथनात सहभागी होऊ शकते.

मर्यादा

अलंकारांची गर्दी झाल्यास कथासूत्र हरवते. लहान मुलांच्या कथेत एका प्रसंगाला एक ठळक प्रतिमा सहसा पुरते. रूढ उपमांतून पूर्वग्रहही पोहोचतात. सौंदर्याची तुलना नेहमी गोऱ्या रंगाशी आणि दुष्टपणाची काळ्या रंगाशी केल्यास ऐकणारे सावळे मूल स्वतःला कोणत्या बाजूस पाहील, हा प्रश्न उरतो. कथेअखेरचे स्वतंत्र तात्पर्यही अनेकदा अनावश्यक ठरते: पावसात शेणाचे घर वाहून गेले की, सांगायचे ते सांगून झालेले असते.