उजेडाची जागा : तापलेल्या स्पॉटवर पहिली सर

वारली चित्राच्या भिंतीवर स्पॉट कुठून आणि किती अंशात टाकायचा, हे आज सांगायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण मधेच सालवडहून एक पत्र आलं आणि मला ते बाजूला ठेवता येईना.

पत्र लिहिणाऱ्यांचं एमआयडीसीच्या रस्त्याला लागून दुकान आहे. पाटीवर उजेड पडावा म्हणून त्यांनी उन्हाळ्यात १० वॉटचे चार स्पॉट बसवले. खोक्यावर आयपी ६५ छापलेलं होतं, ते बघूनच घेतले. पावसाळा सरेपर्यंत दोन दिव्यांच्या काचेआड पाणी साठलं आणि तिसरा मिणमिणायला लागला. चौथा पत्र्याच्या वळचणीला होता, त्याच्यावर थेंबभरही पाऊस पडत नव्हता. तो चालू राहिला, पण त्याच्याच अंगावर सगळ्यांत जास्त पांढरी भुकटी धरली. त्यांचे प्रश्न दोन : वॉटरप्रूफ दिव्यात पाणी शिरतं कसं? आणि न भिजणारा दिवा जास्त का खराब होतो?

बोईसर, पास्थळ, चिंचणी, तारापूर, डहाणू, सगळ्या किनारपट्टीचे हे प्रश्न आहेत. म्हणून आजचा अख्खा हप्ता त्यांच्यासाठी.

आधी खोक्यावरच्या आकड्याचं बघू. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा ५ असेल तर ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत सगळ्या बाजूंनी मारून बघतात. ६ असेल तर तोंड १२.५ मिलिमीटरचं आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ७ असेल तर दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. परीक्षा चोख आहे, पण ती काही मिनिटांची आहे आणि नव्या कोऱ्या फिटिंगवर, ताज्या रबरावर होते. सालवडचा दिवा रोज संध्याकाळी तापतो आणि रात्री निवतो, महिनोन्‌महिने. त्या तापण्या-निवण्यातच सगळी गोम आहे.

बाहेर २७ अंश आहे असं धरा. स्पॉट तासभर चालला की आतली हवा सहज ६२ अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते आणि जिथे बारीकशी फट मिळेल तिथून थोडी बाहेर पडते. आता दिवा बंद केला, किंवा तापलेल्या दिव्यावर जूनची पहिली सर कोसळली. आतली हवा झपाट्याने आकसते. हिशेब सोपा आहे. २७ आणि ६२ अंश म्हणजे ३०० आणि ३३५ केल्विन. इथला केल्विन दिव्याच्या रंगाचा नव्हे, तापमानाचा. फरक ३५ चा, म्हणजे सुमारे एक दशांश. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर आतला दाब तेवढ्याच प्रमाणात उतरतो. वातावरणाचा दाब साधारण १० मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो, त्याचा दशांश म्हणजे एक मीटर पाणी. भिंतीवर, जमिनीपासून १२ फूट उंच लावलेला दिवा त्या घटकेला एक मीटर खोल पाण्यात बुडवल्यासारखं पाणी ओढत असतो!

प्रत्यक्षात दाब इतका उतरायच्या आधीच दिवा कुठून तरी काहीतरी आत घेतो. काचेच्या कडेला पाण्याची फिल्म असेल तर पाणी घेतो, नसेल तर दमट हवा घेतो. त्या हवेतली वाफ रात्री थंड काचेवर दवासारखी बसते. दुसऱ्या संध्याकाळी दिवा तापतो, थोडी हवा बाहेर टाकतो, पण साठलेलं पाणी सगळं जात नाही. वीज गेली आणि आली की त्यात आणखी एक फेरी वाढते. ऑक्टोबरपर्यंत काचेआड डबकं.

ओढलेलं पाणी काचेकडूनच येतं असंही नाही. बहुतेक वेळा ते वायरीच्या वाटेने येतं. फिटिंगच्या मागे वायर आत जाते तिथे ग्लँड असतो. त्यातलं रबर गोल केबलभोवती आवळलं जावं अशी त्याची रचना. आपल्याकडे मात्र त्यातून चपटी वायर किंवा दोन सुट्या वायरी ओवतात. गोल भोकात चपटी वस्तू, बाजूला फटी उरणारच. त्या बुजवायला काळी टेप गुंडाळतात, ती एका उन्हाळ्यात सुटते. दुसरी वाट आणखी लपलेली. केबलमधल्या तांब्याच्या तारांच्या मधून आणि आवरणाच्या आतून हवा जाऊ शकते. केबलचं दुसरं टोक उघड्या जोडणीत, ओल्या भिंतीवर लोंबत असेल, तर दिवा तिथलं पाणी केबलमधून ओढून घेतो. दिव्याला आयपी ६६ आणि जोडणीला नुसती टेप, यात पैसा वाया जातो. जोडणीचा डबाही तितकाच बंद हवा, त्यात केबल खालच्या बाजूने शिरायला हवी, आणि दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यायला हवा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाईल.

दिव्याचं हे ओढणं थांबवता येत नाही, तापणं-निवणं आहे तोवर ते होणारच. त्याला वाट करून देता येते. चांगल्या बाहेरच्या फिटिंगला बटणाएवढी एक झडप असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिच्यात पीटीएफईचा पातळ पडदा असतो. हवा आणि वाफ त्यातून ये-जा करतात, पाण्याचा थेंब अडतो. दाब आत-बाहेर सारखा राहिला की रबरावर आणि ग्लँडवर ताण येत नाही. दुकानात गेलात की वॉट विचारायच्या आधी ब्रीदर आहे का ते विचारा. मी या एका प्रश्नावर फिटिंग निवडतो.

आता दुसरा प्रश्न, वळचणीच्या दिव्याचा. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

नांदगाव, आलेवाडी, नवापूरचा किनारा सालवडपासून काही किलोमीटरवर आहे. दुपारनंतर खारा वारा आत येतो आणि मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक वस्तूवर बसवतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतं. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या वाटणाऱ्या दिवशीसुद्धा दिव्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर असतो. उघड्यावरच्या दिव्याला निदान चार महिने पाऊस धुऊन काढतो. वळचणीच्या दिव्यावर मीठ नुसतं साठत जातं. पत्र्याने त्याला पावसापासून वाचवलं आणि मिठाच्या ताब्यात दिलं.

उपाय फुकट आहे : महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने ओला फडका. मेन बंद करून सगळं अंग पुसायचं, खाचांमधून आणि स्क्रूंभोवतीही. वळचणीच्या, गॅलरीच्या छताच्या, गाळ्याच्या शटरवरच्या दिव्यांना हे आधी करा.

पांढरी भुकटी म्हणजे खाल्लं गेलेलं ॲल्युमिनियम. दिव्याचं अंग बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचं असतं, पण ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमात फरक आहे. उदाहरणादाखल ओतायला सोपा आणि सगळीकडे चालणारा एडीसी १२ मिश्रधातू बघा. त्यात दीड ते साडेतीन टक्के तांबं असतं, आणि खाऱ्या हवेत तेच तांबं ॲल्युमिनियमचा घात करतं. एलएम ६ मध्ये तांबं ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नसतं, किनाऱ्याला तो टिकतो. चांगला निर्माता कागदावर मिश्रधातूचं नाव देतो. दिलं नसेल तर मागा.

मग स्क्रू. स्टेनलेस ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते तग धरतं. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब लागतो. स्टेनलेस घडवणारे कारखाने याच पट्ट्यात आहेत, तिथल्या कुणा ओळखीच्या माणसाकडून एक स्क्रू तपासून घ्यायला हरकत नाही. आणि स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियमला भिडला की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं. मधे नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना ग्रीस, एवढ्याने ते टळतं. बसवताना पान्याने रंगावर ओरखडा पडला तर त्याच दिवशी रंगाचा हात द्या. गंजाची सुरुवात तिथूनच होते.

मिणमिणणाऱ्या तिसऱ्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, ओलाव्याने गेला असावा. पण उजेड हळूहळू पिवळट होत मंदावत असेल, तर कारण निराळं असू शकतं. पुष्कळ एलईडींमध्ये चिपच्या खाली, उजेड परतवण्यासाठी, चांदीचा पातळ मुलामा असतो. हवेत गंधकाचे वायू असले की चांदी काळवंडते. हे वायू रासायनिक वसाहतीतच असतात असं नाही, तुंबलेल्या गटारातूनही निघतात. एलईडीवरचं पारदर्शक सिलिकॉन पाणी अडवतं, वायू मात्र त्यातून झिरपतो. नाल्यालगत दिवा लावू नका, एवढंच त्यावर सांगता येईल.

सिलिकॉनवरून आठवलं. फट दिसली की वायरमन ट्यूबमधलं सिलिकॉन फासतो. ते लावताना व्हिनेगरसारखा वास आला तर हात थांबवा. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि बंद दिव्यात ते तांब्याला आणि सोल्डरला खातं. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन मागा. ब्रीदरवर तर कुठलंच फासू नका.

कारखानदार वाचकांसाठी एक इशारा. सॉल्व्हंट साठवता किंवा ओतता त्या जागेत यातलं काहीही लागू नाही. आयपी ६६ दिवा पाणी अडवतो, ठिणगी अडवत नाही. तिथे फ्लेमप्रूफ फिटिंगच हवं. त्याच्या आत स्फोट झाला तरी ज्वाला जाड धातूच्या अरुंद सांध्यांतून बाहेर येईपर्यंत थंड होते. त्याला नागपूरच्या पेसो या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, आणि जागेतल्या वायूच्या गटाशी व तापमानाच्या वर्गाशी ते जुळावं लागतं. हा विषय स्वतंत्र हप्त्याचा आहे, तो घेईनच.

सालवडच्या वाचकांना माझा सल्ला असा. चारही दिवे बदला, वॉट तेच ठेवा. एलएम ६ चं अंग, ब्रीदर, ३१६ चे स्क्रू, गोल केबल, केबलच्या जाडीला नेमका बसणारा ग्लँड. दिव्याचं तोंड खाली, कारण वर तोंड केलेल्या काचेवर पाणी साचतं आणि निवताना तेच ओढलं जातं. धातूच्या अंगाला अर्थिंग, आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ओल्या भिंतीवरच्या दिव्याला ती नसेल तर दिवा लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीवर चढवण्याआधी प्रत्येक दिवा घरीच तपासा. टेबलावर तासभर चालवा. मग बंद करा, वायर सॉकेटमधून पूर्ण काढा, केबलचं टोक कोरडं ठेवा, आणि तापल्या दिव्याच्या काचेवर नि ग्लँडवर तांब्याने पाच मिनिटं पाणी ओता. रात्रभर ठेवा. सकाळी काचेच्या आतून धुकं दिसलं तर तो दिवा दुकानदाराला परत करा. वळचणीला लावायचा असला तरी परत करा.

पुढच्या रविवारी नक्की वारली भिंत. तोवर एक काम करून ठेवा : चित्र ज्या भिंतीवर आहे तिची छतापर्यंतची उंची आणि चित्राच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. सगळं गणित त्या दोन मापांवर उभं आहे.